जवस : आहारातील गुणकारी बी, औषधाचा पर्याय नव्हे

जवस आपल्या घरांना नवे नाही. विदर्भात व मराठवाड्यात जवस आणि पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात अळशी या नावाने ओळखली जाणारी ही लहानशी, चपटी, तुकतुकीत तपकिरी बी चटणीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या भाकरीसोबत खाल्ली जात आहे. अलीकडे मात्र तिच्याविषयी अनेक दावे ऐकू येतात. जवसाने हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे विरघळतात, मधुमेह मुळापासून बरा होतो, रक्तदाबाच्या गोळ्यांची गरज उरत नाही, असे निरोप भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचतात आणि काही रुग्ण त्यांवर विश्वास ठेवून चालू औषधे बंद करतात.

जवसात खरोखर कोणते गुण आहेत, ते कोणत्या मर्यादेपर्यंत उपयोगी पडतात, जवस कसे व किती खावे आणि कोणी काळजी घ्यावी, याची माहिती या पत्रकात दिली आहे. करोल बाग व लगतच्या राजेंद्र नगर परिसरात सोने-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त सांगली-सातारा भागातून आलेली कुटुंबे, नोकरीनिमित्त स्थायिक झालेले महाराष्ट्रीय आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी खोली घेऊन राहणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या नित्य व्यवहाराला उपयोगी पडेल अशा रीतीने ही माहिती मांडली आहे.

दुकानात मागताना नावाची खात्री करावी

मराठी घरातील नावे दिल्लीच्या बाजारात जशीच्या तशी चालत नाहीत. ‘जवस’ म्हटल्यास दुकानदार ते ‘जौ’ असे ऐकून सातू म्हणजेच बार्ली देण्याचा संभव असतो. हिंदीत या बीला ‘अलसी’ म्हणतात, तर बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील दुकानदार तिला ‘तीसी’ या नावाने ओळखतात.

दुसरा घोळ अळशी आणि अळीव यांच्यात होतो. बाळंतिणीला खीर किंवा लाडू करून देतात ते अळीव. त्याची बी अळशीपेक्षा पुष्कळ बारीक, लांबट व लालसर असते आणि हिंदीत तिला ‘हालिम’ म्हणतात. अळीव आणि अळशी या दोन्ही बिया पाण्यात भिजवल्यावर बुळबुळीत होतात. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी वापरली जाणे सहज शक्य असते. मात्र दोन्ही वनस्पती वेगळ्या आहेत आणि त्यांचे घटकही वेगळे आहेत. एका बीविषयी दिलेला सल्ला दुसरीला लागू करू नये.

परंपरेतील स्थान

जवसाचे पीक रब्बी हंगामात घेतले जाते. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर ते पेरतात. त्याला निळी नाजूक फुले येतात आणि गोल बोंडांत बी धरते. संस्कृतात त्याला अतसी, उमा व क्षुमा अशी नावे आहेत. त्याच्या खोडाच्या तंतूंपासून विणलेल्या वस्त्राला क्षौम म्हणत. वनस्पतिशास्त्रातील त्याच्या ‘लिनम उसिटाटिसिमम’ या लॅटिन नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अत्यंत उपयुक्त’ असा आहे.

आयुर्वेदाने अतसीला गुरू, स्निग्ध व उष्ण मानले आहे. गुरू म्हणजे पचण्यास जड. म्हणजेच परंपरेनेही ती मोजूनच खावयाची वस्तू मानली आहे. युनानी वैद्यकात हीच बी ‘तुख्मे कतान’ या नावाने प्रसिद्ध असून खोकल्यावरील चाटणात तिचा उपयोग केला जातो. या दोन्ही वैद्यकपद्धतींचे शिक्षण देणारे आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया महाविद्यालय करोल बागेतच आहे. हकीम अजमल खान यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या संस्थेचे उद्‌घाटन महात्मा गांधी यांच्या हस्ते 13 फेब्रुवारी 1921 रोजी झाले. आयुर्वेदिक किंवा युनानी औषध म्हणून जवस घ्यावयाचे असल्यास अशा संस्थेतील नोंदणीकृत वैद्य किंवा हकिमांकडून प्रकृती तपासून घ्यावी आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची माहिती त्यांना द्यावी.

जवसात काय असते?

शंभर ग्रॅम जवसात साधारण 42 ग्रॅम स्निग्ध पदार्थ, 18 ग्रॅम प्रथिने व 27 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. त्यातून सुमारे 530 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. रोज खाण्याचे प्रमाण अर्थातच इतके नसते. जवसाच्या पुडीचा एक सपाट मोठा चमचा सुमारे 7 ग्रॅम भरतो. त्यातून जवळजवळ 37 किलोकॅलरी, 2 ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि 1.6 ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते.

अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-3 गटातील स्निग्धाम्ल आहे. शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. महाराष्ट्रीय स्वयंपाकात नित्य वापरल्या जाणाऱ्या शेंगदाणा, सूर्यफूल व करडई या तेलांत ते नगण्य असते. मोहरीचे तेल, सोयाबीनचे तेल व अक्रोड यांत ते काही प्रमाणात आढळते. मासे न खाणाऱ्या कुटुंबांसाठी जवस हा या आम्लाचा सर्वांत स्वस्त व समृद्ध स्रोत ठरतो. परंतु माशांतून मिळणारी ओमेगा-3 आम्ले व जवसातील आम्ल एकच नव्हेत. जवसातील आम्लाचा थोडाच अंश शरीरात माशांतील प्रकारात बदलतो. म्हणून ‘एक चमचा जवस म्हणजे एक मासा’ हा हिशेब बरोबर नाही.

दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे तंतुमय पदार्थ. एक चमचा अख्खे जवस अर्धा पेला पाण्यात रात्रभर ठेवून पाहावे. सकाळी ते पाणी दाट व बुळबुळीत झालेले दिसते. बीच्या सालीतील विद्राव्य तंतू पाणी शोषून फुगल्यामुळे हे घडते. आतड्यातही असेच होते. जवसाचे बरेचसे गुण आणि काही धोकेही याच एका गोष्टीतून उद्भवतात.

याखेरीज जवसात लिग्नान नावाची वनस्पतिजन्य द्रव्ये विपुल असतात. आतड्यातील जिवाणू त्यांचे रूपांतर स्त्री-संप्रेरकाशी काहीसे साम्य असलेल्या द्रव्यांत करतात.

कोणते लाभ संभवतात?

बद्धकोष्ठता. तंतुमय पदार्थ पाणी धरून ठेवतात. त्यामुळे मल मऊ होतो व त्याचा आकार वाढून आतड्याची हालचाल सुलभ होते. खानावळीतील मैद्याचे पदार्थ, तासन्‌तास बैठे काम व अपुरे पाणी यांमुळे बद्धकोष्ठतेने त्रासलेल्या विद्यार्थ्यांना व दुकानदारांना जवसाचा उपयोग होऊ शकतो. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे 25 ते 30 ग्रॅम तंतुमय पदार्थ लागतात आणि एका चमच्यातून केवळ 2 ग्रॅम मिळतात, हे मात्र विसरू नये. उरलेला भाग भाज्या, फळे, डाळी, उसळी व ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांतूनच यावयास हवा.

कोलेस्टेरॉल. विद्राव्य तंतू आतड्यातील पित्तक्षारांना बांधून शरीराबाहेर नेतात. नवे पित्तक्षार तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. परिणामी अपायकारक कोलेस्टेरॉल काही अंशी कमी होते. ही घट अल्प असते. ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली आहे, त्यांच्यासाठी ती पुरेशी नसते.

रक्तदाब. कॅनडातील विनिपेग येथे पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या 110 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज 30 ग्रॅम दळलेले जवस सहा महिने खाणाऱ्या गटाचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 10 मिलिमीटरने कमी आढळला. मोबाईलवरील निरोपांत हा आकडा अनेकदा सांगितला जातो, परंतु दोन गोष्टी वगळल्या जातात. पहिली अशी की चाचणीतील रुग्णांची नेहमीची औषधे बंद करून जवस दिलेले नव्हते. दुसरी अशी की वेगवेगळ्या लोकांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यास सरासरी घट अवघी दोन-तीन मिलिमीटर भरते. त्यामुळे जवस आहारात घेण्यास हरकत नाही, पण ज्याचा रक्तदाब 160 आहे त्याची जोखीम केवळ जवसाने टळत नाही.

रक्तशर्करा. जेवणात तंतुमय पदार्थ असल्यास साखर रक्तात सावकाश मिसळते. जवसाचा हाच उपयोग आहे. स्वादुपिंडाची इन्सुलिन निर्माण करण्याची शक्ती त्याने परत येत नाही.

कोणते दावे ग्राह्य नाहीत?

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेले घट्ट थर जवसाच्या सेवनाने विरघळत नाहीत. कर्करोगावर जवस हा उपचार नाही. कर्करोगाचे, विशेषतः स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असताना ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून येणाऱ्या गरम वाफांवर जवसाचा उपयोग होतो असे पुष्कळांचे मत आहे. मात्र 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत जवस असलेली वडी खाणाऱ्या व तशीच दिसणारी पण जवस नसलेली वडी खाणाऱ्या स्त्रियांना सारखाच आराम वाटला. वजन घटवण्यासाठी नुसते जवस वाढवल्यास उलट परिणामही होऊ शकतो, कारण त्यात उष्मांक भरपूर असतात.

या सर्व दाव्यांत सर्वाधिक घातक दावा ‘गोळ्या सोडा, जवस घ्या’ हा आहे. त्याचे कारण नीट समजून घ्यावे. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस, कधी काही आठवडेही, काहीच त्रास जाणवत नाही. रुग्णाला वाटते की जवस लागू पडले. शेजारी, नातेवाईक यांनाही तो तोच सल्ला देतो. या काळात रक्तदाब मात्र चढत असतो आणि त्याचा ताण मेंदू, हृदय, मूत्रपिंड व डोळे यांच्या रक्तवाहिन्यांवर पडत असतो. पुष्कळदा पहिले लक्षण म्हणून पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराचा झटकाच येतो. घरातील कोणी गोळ्या बंद केल्या असल्यास त्यांना दोष न देता दवाखान्यात घेऊन जावे, रक्तदाब व रक्तशर्करा मोजून घ्यावी आणि औषधाविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. गोळ्यांचा खर्च, त्यांचा त्रास किंवा कंटाळा हे कारण असेल तर तेही सांगावे. अनेकदा डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात किंवा त्याची मात्रा कमी करू शकतात.

किती व कसे खावे?

निरोगी प्रौढ व्यक्तीने रोज एक सपाट मोठा चमचा जवसाची पूड खाणे पुरेसे आहे. दोन चमच्यांपेक्षा अधिक घेऊ नये. सवय नसलेल्यांनी पहिला आठवडा अर्ध्या चहाच्या चमच्याने आरंभ करावा व हळूहळू प्रमाण वाढवावे. एकदम जास्त घेतल्यास पोट फुगणे, वायू धरणे किंवा जुलाब होणे संभवते.

जवस अख्खे गिळू नये. त्याची साल टणक असते आणि न चावलेली बी जशीच्या तशी शरीराबाहेर पडते. तिच्यातील स्निग्धाम्ल शरीराला मिळत नाही. बी भाजून, कुटून किंवा दळूनच खावी.

जवस कच्चेही खाऊ नये. कच्च्या, विशेषतः अपक्व जवसात अल्प प्रमाणात सायनाइड निर्माण करू शकणारी द्रव्ये असतात. भाजल्याने ती पुष्कळ कमी होतात. चमचाभर भाजलेल्या जवसाने धोका उद्भवत नाही, परंतु वाटीभर कच्ची पूड पाण्यात कालवून पिण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

प्रत्येक चमच्यासोबत किमान एक पेला पाणी प्यावे. पुरेसे पाणी नसल्यास फुगलेले तंतू आतड्यात अडकून बद्धकोष्ठता वाढते आणि क्वचित आतड्यास अडथळाही होऊ शकतो.

जवस आणि औषधे एकाच वेळी घेऊ नयेत. दाट झालेल्या तंतूंमुळे औषध शोषले जाण्यास अडचण येते. दोहोंत किमान एक ते दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेणाऱ्यांनी जवस दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात घ्यावे.

चटणीची घरगुती कृती

जवस खाण्याची सर्वांत सोपी व टिकाऊ रीत आपल्या परंपरेतीलच आहे. एक वाटी जवस निवडून कोरड्या कढईत मंद आचेवर भाजावे. ते तडतडू लागले व खमंग वास सुटला की उतरवावे. करपू देऊ नये. त्याच कढईत सहा-सात सुक्या मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या व एक चमचा जिरे परतून घ्यावे. सर्व पूर्ण गार झाल्यावर चवीपुरते मीठ व थोडी चिंच घालून खलबत्त्यात कुटावे किंवा मिक्सरवर थांबून थांबून फिरवावे. गरम असताना किंवा सलग फिरवल्यास तेल सुटून चटणीचे गोळे होतात.

उच्च रक्तदाब असलेल्यांनी या चटणीत मीठ अगदी कमी घालावे. दिवसभरातील सर्व पदार्थ मिळून मीठ 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावे. रक्तदाबासाठी खाल्लेल्या चटणीतून मीठच वाढले तर लाभ उरत नाही. बिनमिठाची भाजलेली पूड ताकात, दह्यात, वरणात किंवा भाकरी-पोळीच्या पिठात मिसळूनही खाता येते. खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना दह्यात चमचाभर पूड घालणे सोयीचे पडते.

दिल्लीच्या हिवाळ्यात अलसीच्या पिन्न्या घरोघरी होतात व शेजारधर्माने आपल्याकडेही येतात. त्या रुचकर व पौष्टिक असतात, परंतु त्यांत तूप, कणीक व गूळ किंवा साखर भरपूर असते. मधुमेह असलेल्यांनी पिन्नीला औषध समजून रोज खाऊ नये. कधीतरी लहान तुकडा खावयाचा झाल्यास तो त्या वेळच्या आहारातच धरावा.

खरेदी, साठवण व तेलाविषयी सावधगिरी

बी कोरडी, चकचकीत व कुबट वास नसलेली असावी. अख्खे जवस हवाबंद डब्यात, ओल नसलेल्या जागी काही महिने टिकते. दळल्यानंतर मात्र त्यातील स्निग्धाम्ल हवेशी संयोग पावून लवकर खवट होते. म्हणून आठवडाभर पुरेल एवढीच पूड करावी व उन्हाळ्यात ती शीतकपाटात ठेवावी. रंगासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास आल्यास अथवा चव कडवट लागल्यास ती टाकून द्यावी.

तेलाच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. जवसाचे तेल दोन सर्वस्वी भिन्न उपयोगांसाठी विकले जाते. रंगाच्या व लोखंडी सामानाच्या दुकानांत मिळणारे ‘अलसी का तेल’ लाकूड व रंगकामासाठी असते. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असू शकतात. ते कोणत्याही परिस्थितीत खाऊ नये, अंगाला चोळू नये आणि खाद्यतेलाजवळ ठेवू नये. खाण्याचे तेल घ्यावयाचे असल्यास ते बंद बाटलीतीलच घ्यावे. बाटलीवर खाद्यतेल असल्याचा उल्लेख, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक व वापराची अंतिम तारीख पाहावी. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील पिवळ्या धोतऱ्याच्या भेसळीने अनेकांचे प्राण गेले. सुटे तेल न घेण्याचा सल्ला त्या अनुभवातून आलेला आहे.

जवसाचे खाद्यतेल तळणासाठी किंवा फोडणीसाठी वापरू नये. ते थोड्या उष्णतेनेही धुरावते व बिघडते. तेलात तंतुमय पदार्थ नसतात, म्हणून बद्धकोष्ठता किंवा कोलेस्टेरॉल यांसाठी तेलापेक्षा दळलेली बी श्रेयस्कर आहे.

अळशीच्या पोटिसाविषयी

गळवावर अळशीचे गरम पोटीस बांधण्याची रीत अनेक घरांत आहे. पोटिसाची ऊब काही काळ टिकते व तिने ठणका कमी वाटतो. तथापि मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायावर पोटीस कधीही बांधू नये. मधुमेहात पायांची संवेदना मंदावलेली असते. चटका बसला तरी तो कळत नाही आणि त्यातून न भरणारी जखम होऊ शकते. उघड्या जखमेवर, लहान मुलांच्या नाजूक त्वचेवर व चेहऱ्यावरील गळवावरही पोटीस लावू नये. गळवासोबत ताप असल्यास, लाली पसरत असल्यास किंवा दोन दिवसांत उतार न पडल्यास दवाखान्यात दाखवावे.

कोणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे?

• रक्त पातळ ठेवणारी औषधे, उदाहरणार्थ वॉरफारिन, असेनोकुमॅरॉल, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्या व्यक्ती. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असल्यास जवस नियमित घेत असल्याचे आधी सांगावे.

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्ती. जवस सुरू केल्यावर रक्तशर्करा अधिक वेळा तपासावी. घाम, थरथर, चक्कर किंवा अतिशय भूक जाणवल्यास ती साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तत्काळ साखर घालून पाणी द्यावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही देऊ नये.

• गरोदर स्त्रिया. जेवणात तोंडी लावण्यापुरती चटणी चालते. परंतु लिग्नानच्या संप्रेरकसदृश परिणामामुळे रोज चमच्याने पूड किंवा तेल घेणे टाळावे. स्तनपान देणाऱ्या मातांनीही अधिक प्रमाणात घेण्यापूर्वी विचारावे.

• आतड्याचा आजार असलेले, आतड्याची शस्त्रक्रिया झालेले अथवा अन्न गिळताना अडचण येणारे रुग्ण, तसेच पाणी मोजून पिण्याचा सल्ला मिळालेले हृदयरोगी व मूत्रपिंडाचे रुग्ण.

• संप्रेरकांशी निगडित कर्करोगाचे रुग्ण.

तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे. जवसाचे पाणी किंवा घुटी देऊ नये. लहान मुलांना अख्खी बी देऊ नये. जवस खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे ही ॲलर्जीची लक्षणे आहेत. असे झाल्यास विलंब न लावता रुग्णालयात जावे.

या लक्षणांत घरगुती उपायांची वाट पाहू नये

छातीत दडपण किंवा डावा हात, जबडा व पाठीकडे जाणारी कळ, त्यासोबत घाम, धाप. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. तीव्र पोटदुखीसह उलट्या आणि शौच व वायू पूर्ण बंद होणे. शौचातून रक्त पडणे. यांपैकी काहीही घडल्यास त्वरित 112 या क्रमांकावर संपर्क साधावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे. पक्षाघातात पहिल्या काही तासांतच उपचारांचा अधिकाधिक लाभ मिळतो.

तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीने त्रास नसला तरी नजीकच्या सरकारी दवाखान्यात रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी. ही तपासणी विनामूल्य होते. तेथे जाताना आपण घेत असलेल्या गोळ्यांसोबत जवस, काढे, चूर्णे यांसारख्या घरगुती उपायांचीही यादी न्यावी आणि ती परिचारिकेला किंवा डॉक्टरांना दाखवावी. संकोच बाळगू नये. घरगुती उपाय सांगितल्याने कोणी रागावत नाही, उलट त्यावरून औषधाची योग्य मात्रा ठरवता येते.

लक्षात ठेवावे

जवस भाजून व दळून, चमचाभर, भरपूर पाण्यासोबत खावे. पूड आठवड्यापुरतीच करावी. रंगाच्या दुकानातील तेल घरात खाण्यासाठी आणू नये. जवस ताटात चटणीच्या जागी असावे आणि गोळी आपल्या वेळी घेतली जावी. एकासाठी दुसरे सोडण्याची आवश्यकता नाही.